खुर्ची सुटली, मग कोर्टात 'न्यायमूर्ती' का सुटत नाही?

आमच्या काकांची एक केस होती, गावाकडची, वाटेची. शेतात जायची बैलगाडीची वहिवाट आजोबांच्या काळापासूनची, मग शेजारची जमीन विकली गेली, घेणारे निघाले एक रिटायर झालेले जिल्हा न्यायाधीश, त्यांनी कंपाउंड घातलं, लोखंडी गेट बसवलं आणि वाट बंद. काका आधी तहसीलदाराकडे गेले, वाट अडवली की मामलेदार कोर्ट अ‍ॅक्टखाली लोक तिथेच जातात, मग फिरत फिरत प्रकरण तालुक्याच्या दिवाणी कोर्टात आलं. पहिल्या तारखेला मी सोबत होतो. पुकारा झाला तेव्हा पट्टेवाल्यानं काकांचं नाव जसं सगळ्यांचं ओरडतात तसंच ओरडलं, आणि समोरच्यांचं नाव घेताना आवाज एकदम खाली आला आणि नावामागे 'साहेब' लागलं. त्यांच्यासाठी कुठूनतरी खुर्ची पण आली. आमच्या वकिलांनी स्वतः पुढे जाऊन वाकून नमस्कार केला, हे मला जास्त लागलं, कारण फी आम्ही देत होतो. त्यांच्या कैफियतीत नावाआधी 'मा.' आणि नावानंतर 'माजी जिल्हा व सत्र न्यायाधीश', आणि बेंचवर बसलेले जज कनिष्ठ स्तर, म्हणजे दिवाणी कोर्टांतली सगळ्यात खालची पायरी, वय असेल तिशीच्या आसपास.

आता हे पण सांगायलाच पाहिजे की त्या तरुण जजनी काहीही चुकीचं केलं नाही. एक सुद्धा ऑर्डर आमच्या विरोधात झाली नाही. पण बाहेर टपरीवर चहा घेताना काका म्हणाले, "अरे हे सगळे एका घरातले, आपण पाहुणे." चार-पाच तारखा झाल्या आणि त्यांनी तडजोड करून टाकली, वाट सोडून दिली, ओढ्याच्या बाजूने लांबून जायचं कबूल केलं. निकाल लागलाच नाही, त्यामुळे कुणी पक्षपात केला असं म्हणायला जागाच नाही. मला नेमकं हेच बोलायचं आहे. पदवीचं वजन निकालपत्रात सापडत नाही, ते त्याच्या खूप आधी, पुकारा होतो तिथेच पडलेलं असतं.

म्हणून माझं मत असं की माजी जज कोर्टात कोणत्याही कामाने आला, वकील म्हणून, पक्षकार म्हणून किंवा साक्षीदार म्हणून, तर त्याच्या नावाआधी 'न्यायमूर्ती' नको, 'जस्टिस' नको, 'मा. न्यायाधीश' पण नको. त्या दालनात ही पदवी एकाच माणसाची, जो त्या क्षणी वर बसलाय त्याची.

बाहेर काय लावायचं ते लावा, माझं काही म्हणणं नाही. रानड्यांच्या नावाआधीचं न्यायमूर्ती काढा असं कोण म्हणेल, ते मुंबई हायकोर्टात जज झाले 1893 मध्ये आणि 1901 मध्ये गेले, म्हणजे त्या खुर्चीवर आठ वर्षं सुद्धा नीट झाली नाहीत, पण आज सव्वाशे वर्षांनी सुद्धा ते आपल्यासाठी न्यायमूर्ती रानडेच. 2023 ला वर्ध्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नरेंद्र चपळगावकर होते, पत्रिकेत, पेपरात सगळीकडे न्या. चपळगावकर, छानच वाटलं की. संमेलनाच्या मांडवात समोर कुणी प्रतिवादी बसलेला नसतो. कोर्टात बसलेला असतो, फरक एवढाच आहे, पण तो पुरेसा आहे.

यावर कायदा काय म्हणतो ते बघायला गेलं तर गंमत आहे. वकिलांसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम आहेत, त्यातला 36 नंबरचा नियम जाहिरातबंदीचा, तो सगळ्यांना ऐकून माहीत असतो, वकिलाने जाहिरात करायची नाही वगैरे. पण त्याच नियमात पुढे पाटीबद्दल लिहिलंय की पाटी माफक आकाराची असावी, आणि पाटीवर किंवा लेटरहेडवर आपण बार कौन्सिलचे अध्यक्ष-सदस्य आहोत किंवा होतो हे लिहायचं नाही, अमुक प्रकारच्या केसेसमधले तज्ज्ञ आहोत हे लिहायचं नाही, आणि आपण पूर्वी जज होतो किंवा अ‍ॅडव्होकेट जनरल होतो हे पण लिहायचं नाही. म्हणजे जो माणूस जजगिरी संपवून पुन्हा वकिली करतो त्याला ऑफिसच्या दारावर सुद्धा 'माजी न्यायमूर्ती' लिहायला बंदी आहे. दारावर नाही चालत तर कोर्टाच्या आत कसं चालतं हे मला कुणीतरी समजावून सांगा.

आणि अशी वकिली करणारे काही थोडेथोडके नाहीत. राज्यघटना 1950 ला लागू झाली तेव्हा कलम 220 कडक होतं, हायकोर्टाचा जज झालेल्याने नंतर देशात कुठेच वकिली करायची नाही. पण 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीत ते सैल केलं, आता कायम जज राहिलेल्याला सुप्रीम कोर्टात आणि स्वतःचं हायकोर्ट सोडून बाकीच्या हायकोर्टात उभं राहता येतं. मुंबईचा जज असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पणजी, आणि ऑगस्ट 2025 पासून सुरू झालेलं कोल्हापूरचं सर्किट बेंच, यातलं काहीच नाही, कारण हायकोर्ट एकच. दिल्लीला जा, अहमदाबादला जा. सुप्रीम कोर्टाच्या जजला मात्र कलम 124 प्रमाणे कुठेच नाही. हायकोर्टाचे जज 62 ला रिटायर होतात, डोकं एकदम चालू असतं, शरीर ठणठणीत असतं, त्यांनी घरी बसून तुळशीला पाणी घालावं असं मी म्हणत नाही, त्यांनी वकिली जरूर करावी, फक्त वकील म्हणून करावी.

खालच्या कोर्टांसाठी आणखी एक नियम आहे, तोही बार कौन्सिलचाच. अधिकारी रिटायर होऊन वकील झाला तर त्याने आपल्या शेवटच्या पदाच्या बरोबरीच्या किंवा खालच्या अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं नाही. यामागचा विचार उघड आहे, खालच्या खुर्चीवरच्या माणसावर दडपण येतं. म्हणजे आमच्या गाववाल्या साहेबांना त्या कनिष्ठ स्तराच्या जजसमोर दुसऱ्याची केस घेऊन वकील म्हणून उभं राहताच आलं नसतं! पण स्वतःची केस घेऊन, नावाला माजी जिल्हा न्यायाधीश लावून, खुर्चीवर बसून सगळं चालतं, कारण पक्षकाराबद्दल कुणी काही लिहूनच ठेवलेलं नाही. दडपण मात्र तेवढंच येतं, उलट जास्तच येत असेल, कारण आता त्यांचा स्वतःचा स्वार्थ आहे.

आता तारकुंड्यांचं उदाहरण घेऊ. व्ही. एम. तारकुंडे, आपले सासवडचे, 1957 ते 1969 मुंबई हायकोर्टाचे जज, मुदतीआधी राजीनामा दिला आणि दिल्लीला जाऊन सुप्रीम कोर्टात वकिली सुरू केली, नागरी हक्कांच्या कितीतरी केसेस लढले. जजच्या नेमणुका आणि बदल्यांवरची जी 1981 ची गाजलेली केस आहे, एस. पी. गुप्तांच्या नावाने ओळखली जाते ती, तिच्यासोबत त्यांची स्वतःची पण याचिका होती आणि तिचं नाव सरळ व्ही. एम. तारकुंडे विरुद्ध भारत सरकार. विषय न्यायाधीशांचा, याचिका करणारा माजी न्यायाधीश, म्हणजे पदवी लावायला याहून चांगलं निमित्त ते कुठलं, आणि तरी नाही लावली. त्यांचं वजन त्यामुळे कमी झालं असं कुणी म्हणेल का.

याच्या उलट दुसरं नाव, जे आज लॉ कॉलेजच्या प्रत्येक पोराला पाठ आहे, पुट्टास्वामी. आधारच्या विरोधात 2012 ला याचिका केली तेव्हा त्यांचं वय 86, कर्नाटक हायकोर्टाचे माजी जज, आणि 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ जजच्या घटनापीठाने एकमताने सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. केसचं अधिकृत नाव जस्टिस के. एस. पुट्टास्वामी आणि पुढे कंसात रिटायर्ड. मला त्या माणसाबद्दल प्रचंड आदर आहे, शहाऐंशीव्या वर्षी सरकारला कोर्टात खेचायचं म्हणजे चेष्टा नाही. पण जरा विचार करा, प्रायव्हसीचा हक्क हा सगळ्यांचा सारखा, झोपडीतल्या माणसाचा आणि बंगल्यातल्या माणसाचा, आणि तो ज्या केसने मिळाला तिच्या पहिल्याच शब्दात एक हुद्दा आहे. ही याचिका एखाद्या रिक्षावाल्याने केली असती तर कागदावर 'रिक्षावाला' असं नावाआधी आलं नसतं, धंदा म्हणून खाली पत्त्याच्या ओळीत आलं असतं. हुद्द्याची जागा पण तीच.

हे काही मी नवीन काढत नाहीये. नावाआधी काय लिहायचं यात कोर्टं स्वतःच हल्ली बरीच लक्ष घालायला लागली आहेत. जुन्या केसेसची नावं वाचा, संस्थानिकांच्या सरकारी तनख्यांची 1970 ची केस महाराजाधिराज माधवराव जिवाजीराव शिंदे बहादूर अशी सुरू होते, म्हणजे राजेपण राहणार की जाणार हाच वाद आणि कागदावर राजेपण आधीच कबूल! 26 व्या घटनादुरुस्तीने 1971 ला ते सगळं संपलं, तरी लोक याचिकांमध्ये महाराजा-राजकुमारी लिहीतच राहिले, शेवटी ऑक्टोबर 2025 मध्ये राजस्थान हायकोर्टाने जयपूरच्या राजघराण्याच्या एका प्रकरणात हे शब्द काढून नावं नीट करून आणा म्हणून सांगितलं. त्याआधी जानेवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाने सगळ्या कोर्टांना सांगितलं की पक्षकाराच्या नावापुढे जात-धर्म लिहायची पद्धत बंद करा. आणि त्याच्याही आधी, 1995 ला, बालाजी राघवनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पद्म पुरस्कार वैध ठरवले पण ते नावाच्या आधी किंवा नंतर पदवीसारखे लावायचे नाहीत असं बजावलं. राजाला सांगून झालं, पद्मश्रीला सांगून झालं, जातीला सांगून झालं. घरातल्याला सांगायचं तेवढं राहिलं.

काही लोक इथे लगेच कलम 18 आणतात, सरकारने किताब द्यायचे नाहीत, म्हणून जस्टिस हा शब्दच घटनाबाह्य वगैरे. मला हे पटत नाही. न्यायमूर्ती हा किताब नाही, पदाचं नाव आहे, जसं तहसीलदार किंवा कलेक्टर. आणि पदाचं नाव आहे म्हणूनच ते पद सोडल्यावर खाली ठेवायचं असतं, त्यासाठी कलम 18 ची गरजच नाही. रिटायर झालेला कलेक्टर महसूलच्या केसमध्ये स्वतःला 'कलेक्टर अमुक' असं लिहीत नाही, लिहिलं तर आपण हसू.

मग लोक म्हणतात कर्नल कसं चालतं. कर्नल निवृत्त, मेजर निवृत्त, आयुष्यभर लावतात. बरोबर आहे, लष्करी हुद्द्याला कलम 18 मध्येच वेगळी सूट आहे आणि निवृत्तीनंतर वापरायची रीतही ठरलेली आहे. पण निवृत्त कर्नल सोसायटीच्या मीटिंगमध्ये कर्नल असतो, फार तर पार्किंगवरून आवाज चढवतो, तो आपल्या जुन्या रेजिमेंटसमोर उभा राहून हुकूम मागत नाही. माजी जज कोर्टात येतो तेव्हा नेमकं तेच होतं, तो आपल्या जुन्या रेजिमेंटमध्ये येतो, समोर त्याचे ज्युनियर, त्याचे क्लार्क, त्याच्या हाताखाली तयार झालेले वकील. आणि डॉक्टरचं म्हणाल तर डॉक्टर ही शिकून मिळवलेली गोष्ट आहे, ती डोक्यात असते, खुर्चीत नसते. इथे शब्दातच मूर्ती आहे आपल्या मराठीत. गणपती विसर्जन करून आपण येतो तेव्हा पाटावर चिमूटभर माती घेऊन येतो, मूर्ती परत आणत नाही.

एक आक्षेप मात्र खरंच विचार करण्यासारखा आहे. समोरचा माणूस माजी जज आहे हे लपवणं जास्त धोक्याचं नाही का? उघड लिहिलेलं बरं, म्हणजे समोरच्याला कळेल, बेंचवरच्या जजचे आणि त्यांचे जुने संबंध असतील तर तो केस दुसरीकडे द्या म्हणू शकेल. हे मान्य. पण त्यासाठी नावाआधी पदवी नाही लागत, अर्जात एक ओळ लागते, की मी अमुक वर्षापर्यंत अमुक कोर्टात जज होतो. माहिती द्या, मान मागू नका. माहिती दोन्ही बाजूंच्या कामाची असते, मान एकाच बाजूला मिळतो.

साक्षीदार म्हणून आले तर काय होतं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण लंडनचं आहे. नीरव मोदीच्या प्रत्यार्पणाची केस वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट कोर्टात चालली, त्याला आणून मुंबईच्या आर्थर रोडला ठेवायचं म्हणून आपल्याकडे पेपरात रोज असायचं. त्याच्या बाजूने भारतीय कायद्याचे तज्ज्ञ म्हणून आधी अभय ठिपसे आले, मुंबई आणि अलाहाबाद हायकोर्टाचे माजी जज, मग मार्कंडेय काटजू आले, सुप्रीम कोर्टाचे माजी जज. तज्ज्ञ साक्षीदाराला आपला अनुभव सांगावाच लागतो, तिथे 'मी जज होतो' हे सांगणं चुकीचं नाही. पण बघा, 25 फेब्रुवारी 2021 च्या निकालात तिथले जज गूझी यांनी काटजूंबद्दल साफ लिहिलं की सुप्रीम कोर्टाचे माजी न्यायाधीश असूनही त्यांची साक्ष तटस्थ आणि भरवशाची वाटली नाही. एका मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या, म्हणजे उतरंडीत तळाला असलेल्या कोर्टाच्या जजनं! तो शेरा योग्य की अयोग्य हा वाद वेगळा, पण पदवी बाजूला ठेवून बोलणं तपासलं, हे आपल्या एखाद्या जेएमएफसी, म्हणजे तालुक्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात झालं असतं का, प्रामाणिकपणे सांगा.

आपल्याकडे काय होतं ते पण काटजूंच्याच बाबतीत दिसलं. नोव्हेंबर 2016 मध्ये त्यांनी केरळमधल्या सौम्या खून खटल्याच्या निकालावर फेसबुकवर टीका केली म्हणून सुप्रीम कोर्टाने त्यांना बोलावलं, कलम 124 मुळे मला येता येतं का असा प्रश्न आधी त्यांनीच काढला होता, मग आले, युक्तिवाद केला, आवाज चढले, आणि कोर्टाने कंटेम्प्टची, म्हणजे कोर्टाच्या अवमानाची नोटीस काढली. नंतर माफी मागितली आणि प्रकरण मिटलं. त्या दिवशीच्या सगळ्या बातम्या काढून वाचा, त्यांच्यावर नोटीस निघतानाही ते जस्टिस काटजूच आहेत. भांडताना सुद्धा मान सुटत नाही इतकी ही सवय अंगात मुरलेली आहे.

अमेरिकेत हा प्रश्न रोजचाच आहे कारण तिथे बऱ्याच राज्यांत जज निवडून येतात, हरले की पुन्हा वकिली. तिथल्या बार असोसिएशनने 1995 मध्येच मत देऊन ठेवलंय की वकिली करताना माजी जजने 'जज' किंवा 'ऑनरेबल' लावू नये, कारण त्याने अशिलाची दिशाभूल होते, याचा कोर्टात वट आहे असं वाटतं. इंग्लंडमध्ये वेगळीच तऱ्हा, हायकोर्टाचा जज रिटायर झाला की 'मिस्टर जस्टिस' संपतं, तो नुसता 'सर' होतो, आणि परत वकिलीला जायचं नाही असा संकेत आहे. ज्यांच्याकडून आपण मिलॉर्ड उचललं त्यांनी ही गोष्ट सोडवून ठेवली आहे, आपण मिलॉर्ड तेवढं घेतलं. आणि ते मिलॉर्ड सुद्धा सुटत नाही, बार कौन्सिलने 2006 ला 'युअर ऑनर' म्हणा म्हणून सांगितलं, तर 2021 मध्ये एका लॉच्या विद्यार्थ्याने तसं म्हटल्यावर आपले नागपूरचे सरन्यायाधीश बोबडेच म्हणाले की युअर ऑनर म्हणताय म्हणजे तुमच्या डोक्यात अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट आहे नाहीतर मॅजिस्ट्रेट आहे. असो, तो विषय वेगळा.

मग करायचं काय. मोठा कायदा नको, त्याला वीस वर्षं लागतील. हायकोर्टाची रजिस्ट्री याचिका दाखल करताना ऑफिस ऑब्जेक्शन काढते, समास कमी आहे, पान नंबर नाही, झेरॉक्स पुसट आहे, यावरून वकिलांना चार चार चकरा मारायला लावते. त्यात अजून एक ओळ घाला, पक्षकाराच्या नावाआधी पद किंवा किताब असेल तर काढून आणा. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत, पण तसंच छापून यावं. खालच्या कोर्टांना एक सर्क्युलर पुरेल. आणि तोंडी बोलण्याचं म्हणाल तर ते बेंचवरूनच व्हायला पाहिजे, कारण पट्टेवाला काही सांगणार नाही, समोरचा वकील तर अजिबातच नाही, त्याला उद्या परत याच बारमध्ये बसायचंय, आर्बिट्रेशनला, म्हणजे कोर्टाबाहेरच्या लवादात, हेच साहेब आर्बिट्रेटर म्हणून समोर यायचे. वर बसलेल्या जजनी एकदा शांतपणे 'श्री. अमुक, आपलं म्हणणं मांडा' असं म्हटलं की दालनातल्या सगळ्यांना कळतं, आणि मागच्या बाकावर बसलेल्या कुणाच्यातरी काकांना पण कळतं.

मला माहितीये यात काही चांगली माणसं दुखावतील. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं कुणाच्या लग्नाला न जाता, मित्र तोडून, धमक्या झेलून ते काम केलं त्यांना वाटेल की एवढं एक नाव राहिलं होतं ते पण काढताय. पण ज्यांनी खरंच तसं काम केलं त्यांनाच हे पटकन कळायला हवं, त्यांनी स्वतः शेकडो वेळा समोर आलेल्या आमदाराला, कारखानदाराला, बुवाला बाकीच्यांच्या रांगेत उभं केलेलं असतं.

काका आता थकलेत. शेतात जायचं तर अजून ओढ्याच्या बाजूनेच जातात, पावसाळ्यात चिखल होतो, बैलगाडी गेली, ट्रॅक्टर भाड्याने आणतात आणि तो लांबून न्यावा लागतो म्हणून ड्रायव्हर जास्त पैसे घेतो. साहेबांनी ती जमीन मध्यंतरी विकून टाकली, नवीन मालक पुण्याचे कुणीतरी आयटीवाले आहेत, भला माणूस आहे म्हणतात. गेट तेच आहे. गावात त्याला अजून 'जजसाहेबांचं गेट' म्हणतात आणि कुणी उघडा म्हणून विचारायला जात नाही.